अंगठी तुझीच ना?

अंगठी काही केल्या निघेना. आधी साबण लावून झाला, मग तेल, मग बोटाला दोरा गुंडाळून तो हळूहळू सोडवायचा जुना उपायही झाला, आणि स्वयंपाकघरातल्या नळाखाली हात धरून ती स्वतःशीच पुटपुटत होती, की मेलं हे बोट आहे का बटाटा. लेकीचं लग्न अगदी तोंडावर आलं होतं. होणारा जावई बस चालवायचा. पोरगा गुणी, पण खिसा सदा रिकामा. आता त्यांच्या यहुदी रीतीप्रमाणे नवऱ्या मुलाने साक्षीदारांसमोर मुलीच्या बोटात अंगठी घातली की लग्न लागतं, आणि ती अंगठी त्याच्या स्वतःच्या मालकीची लागते, उसनी आणलेली चालत नाही. म्हणून हिने मनाशी ठरवलं होतं, की आपली अंगठी जावयाला कायमची देऊन टाकायची, म्हणजे ती त्याची होईल, आणि मग तो ती लेकीला घालील. नवरा टेबलाशी चहा पीत बसला होता आणि तिची ही झटापट बघत होता, किंवा बघत नव्हता, त्याचं काही सांगता यायचं नाही. शेवटी जराशी कातडी सोलवटून अंगठी सुटली, बेसिनमध्ये टणकन पडली आणि भोकाकडे घरंगळली. "अहो, धरा, धरा!" ती ओरडली. सगळा जन्म प्लंबरकीत घालवलेला तो माणूस जागचा हलला नाही. तिनेच झडप घालून अंगठी पकडली आणि वळून म्हणाली, "काय हो, बसलात काय नुसते? गेली असती की!" तेव्हा तो कपात बघत म्हणाला, "ती पोरीला देऊ नकोस." "का?" "ती आपली नाही."

आणि मग त्याने सांगितलं, कुणाच्या तुंबलेल्या मोरीबद्दल सांगावं तसं. लग्नाच्या आधीची गोष्ट. पियानो शिकवणाऱ्या एका बाईंची अंगठी हात धुताना बेसिनमध्ये पडली होती, ती काढायलाच त्याला बोलावलं होतं. त्याने बेसिनखालचं वाकडं नळकांडं उघडलं, तर अंगठी गाळात रुतलेली, साबणाच्या चिकट गोळ्यात. बाई मागेच उभ्या होत्या. त्याने ती गाळासकट मुठीत घेतली, चिंधीत गुंडाळली आणि म्हणाला, नाही हो बाई, गेली वाहून. "आणि?" तिने विचारलं. "आणि काय? तुझ्या बोटात." एवढं बोलून त्याने कप विसळला आणि पालथा घातला. हा माणूस कप नेहमी स्वतः विसळतो. रस्त्यात सापडलेलं पाकीट घेऊन तो एकदा भर उन्हात पत्ता शोधत फिरला होता, शेजारच्या म्हातारीचा नळ फुकटात दुरुस्त करतो, आणि खोटं बोलायची पाळी आली की त्याचे कान लाल होतात, असं ती स्वतः सगळ्यांना कौतुकाने सांगत आली होती. तिने त्याच्या कानांकडे पाहिलं. ते नेहमीसारखेच होते.

राग यायला हवा होता, पण राग आधी आलाच नाही. ती कवळ्या करायच्या कारखान्यात कामाला होती. माणसाच्या जबड्याचा ठसा येतो, त्यात प्लास्टर ओतायचं, साचा निघाला की त्यावर मेण लावून एकेक दात बसवायचा, हे तिचं काम. ओतलेलं प्लास्टर आधी गार असतं, मग थोड्या वेळाने आपोआप गरम व्हायला लागतं, आणि गरम झालं की समजायचं, आता ते बदलत नाही. दुसऱ्या दिवशी कामावर साच्यावर हात ठेवून ती त्या उबेची वाट बघत बसली, आणि तिथे पहिल्यांदा तिला राग आला. अंगठी कुणाची का असेना, ते एक वेळ सोडा. तो म्हणाला होता, पोरीला देऊ नकोस. म्हणजे पोरीच्या लग्नात ती चालणार नाही हे त्याला कळत होतं. पोरीचं लग्न पक्क्या पायावर उभं राहायला हवं, तिच्या बोटात चोरीचा माल नको, एवढी लाज, एवढी काळजी त्याच्यापाशी होती. आणि मी? माझ्या वेळी ही काळजी कुठे गेली होती? माझ्यासाठी चालली. माझ्यासाठी ती धुऊन पुसून घेतली आणि चालली! तिने वरच्या जबड्याचा एक दात उलटा बसवला आणि शेजारची पॉलिशवाली हसून म्हणाली, "काय गं, लेकीच्या लग्नाचं वारं लागलं का डोक्याला?" हीही हसली. दात उपटून परत सरळ बसवला, पण मेणात त्याची खूण राहिली, ती गरम सुरीने बुजवावी लागली.

सगळ्यात वाईट झालं ते त्या विनोदाचं. त्यांच्या घरात एक विनोद होता, लेकीलाही तोंडपाठ, आणि तो सांगायचा मान नेहमी हिचा. लग्नात नवरानवरीवर धरतात त्या छताखाली म्हाताऱ्या रब्बीने, म्हणजे त्यांच्या धर्मगुरूने, रीतीप्रमाणे नवऱ्या मुलाला विचारलं होतं, "अंगठी तुझीच ना?" आणि हा असा खणखणीत "हो!" म्हणाला होता, की मागच्या बाकावरचं झोपलेलं बाळ दचकून रडायला लागलं आणि सगळी मंडळी खो खो हसली. किती वेळा सांगितला असेल तो किस्सा तिने! बारशाला, वाढदिवसांना, आजारी नणंदेच्या उशाशी बसून तिला हसवायला. "बाई गं, अंगठीच विचारली होती, राज्य नाही विचारलं!" असं शेवटचं वाक्य असायचं. तो ते ऐकून खाली बघून हसायचा, आणि लोक म्हणायचे, लाजतोय बघा अजून. एकदा, बोट अजून बारीक होतं तेव्हा, कामावर अंगठी प्लास्टरच्या बादलीत पडली होती, ती रडकुंडीला येऊन घरी आली, तर हा म्हणाला, "जाऊ दे गं. वस्तूच ती. जाऊन जाऊन जाईल काय?" केवढं मन भरून आलं होतं तिचं! माणसाला वस्तूचा लोभ नाही म्हणून. अंगठी दुसऱ्या दिवशी सापडली, तेव्हा त्याचा चेहरा पडला होता का? तिने आठवायचा खूप प्रयत्न केला. आठवला तो नुसता त्याचा हात, भांडं पुसणारा, आणि फडक्यावरचे निळे चौकोन. आठवणींचं हे असंच असतं. नको ते सगळं जपून ठेवतात आणि पाहिजे तेव्हा हात वर करतात.

रब्बी आता नवा होता, तरुण, सदा सर्दीने बेजार. प्रार्थनालयाच्या मागच्या खोलीत तो खुर्चीच्या हलणाऱ्या पायाला कागदाची घडी लावत होता. ती म्हणाली, "माझी एक ओळखीची बाई आहे." रब्बीने मान वर न करता म्हटलं, "बरं, काकू. काय झालं त्या ओळखीच्या बाईला?" तिने सगळं सांगितलं. आणि बघता बघता त्याचे डोळे असे लकाकले, की तिला वाटलं द्यावी एक ठेवून. हिच्या संसाराला आग लागलेली आणि याला कोडं सापडल्याचा आनंद! तो भराभरा बोलू लागला. सणात हातात धरायची खजुराची फांदी चोरीची असली तर कर्तव्य पार पडत नाही, कारण ती स्वतःची असावी लागते. पण वर्षारंभी फुंकायचं शिंग चोरीचं असलं तरी चालून जातं, कारण कर्तव्य असतं ते ऐकण्याचं, आणि आवाज काही कुणाच्या मालकीचा नसतो, तो चोरणार कसा? "आणि अंगठी?" तिने विचारलं. रब्बीने नाक पुसलं. "अंगठी फांदीसारखी, काकू. माणूस स्वतःचं काहीतरी बाईला देतो, तेव्हा ती त्याची बायको होते. दुसऱ्याचं दिलं तर काहीच दिलं नाही." मग तिचा चेहरा बघून त्याने घाईने जोडलं, "पण थांबा, एक गोष्ट आहे. चोरीला गेलेल्या वस्तूची मालकाने आशा सोडली, गेली म्हणून मनातून सोडून दिली, आणि मग ती पुढच्याच्या हातात पडली, तर मालकी बदलते. त्या बाईंनी लग्नाच्या आधी आशा सोडली असेल, तर अंगठी तुमची, म्हणजे त्या ओळखीच्या बाईची, आणि लग्न पक्कं. चोराच्या मानेवर पाप आहेच, अंगठीची भरपाईही आहेच, पण लग्नाला धक्का नाही." "आणि सोडली नसेल तर?" "तर एवढी वर्षं एका घरात काढलीत, त्यालाही शास्त्रात वजन आहे. मुलीला तर मुळीच काही बट्टा नाही, ते मनातून काढून टाका. फार तर नवी अंगठी आणा, मी दोन साक्षीदार उभे करतो, पाच मिनिटांचं काम. कशाला एवढं मनाला लावून घेता?" पाच मिनिटांचं काम! नळाचा वायसर बदलायलासुद्धा यापेक्षा जास्त वेळ लागतो, हे तिला नवऱ्यामुळे ठाऊक होतं.

तेव्हा आता सगळं त्या पियानोच्या बाईंवर येऊन ठेपलं. बाईंनी आशा सोडली होती का नव्हती? त्यांच्या घराकडे चालता चालता हिच्या मनात एकच धावा चालला होता, की सोडलेली असू दे, देवा, रडून रडून सोडलेली असू दे. आणि मधेच तिचं तिलाच कसंतरी झालं. एका अनोळखी बाईचं मन त्या दिवशी पार मोडून पडलं असावं, म्हणून आपण प्रार्थना करतोय. ते आपल्या नवऱ्याने मोडलेलं असावं, नीट मोडलेलं, अर्धवट नको. घराचा पत्ता त्यानेच सांगितला होता, एकदाही न अडखळता, मजल्यासकट. त्यावरून हिला कळलं, की तो मधल्या वर्षांत त्या रस्त्याने गेलेला आहे, खाली उभा राहिलेला आहे. "वर का नाही गेलात?" तिने विचारलं होतं. "जाऊन काय सांगणार?" तो म्हणाला. हेही खरंच होतं. या माणसाचं सगळं खरंच असायचं.

बाईंनी दार लगेच उघडलं, जणू दारामागेच उभ्या होत्या. वाकलेल्या, स्वच्छ, बोटांची पेरं सुजून गाठीगाठीची झालेली. पियानोवर कपड्यांच्या घड्या होत्या, म्हणजे कुणी शिकायला येणं केव्हाच थांबलेलं असावं. खोलीला ओल होती, भिंतीचे पोपडे सुटले होते. हिने काहीच प्रस्तावना केली नाही. पिशवीतून अंगठी काढून टेबलावरच्या बशीत ठेवली. बाईंनी ती उचलली नाही, नुसतं बोटाच्या टोकाने फिरवली. "हो," त्या म्हणाल्या, "हीच. माझ्या बहिणीची. ती गेली तेव्हा माझ्याकडे आली." त्या अंगठी फिरवतच राहिल्या. शेवटी हिनेच विचारलं, आणि आवाज असा निघाला जसा दुसऱ्याच कुणाचा, "बाई, तो म्हणाला वाहून गेली, तेव्हा तुम्ही आशा सोडली होती ना?" बाईंनी चष्मा सारखा केला. "छे! मी पाहिलं होतं की त्याला. चिंधी खिशात घालत होता. एवढा साधा पोरगा, कान असे लालबुंद! म्हटलं, याला नाही पचायचं. येईल घेऊन. आज नाही तर उद्या येईल. पोलिसात जा म्हणाले लोक, मी गेले नाही. पोराचं आयुष्य कशाला नासवायचं? तो येणारच होता." "आणि मग?" "मग काय, वाट बघितली. भाचा म्हणतो, ही ओलीची जागा सोड, माझ्याकडे ये. पण मी म्हणते, तो आला आणि मी नसले तर?" बाई हसल्या, चेष्टा केल्यासारख्या, पण डोळे चेष्टेत नव्हते. "अजून बेल वाजली की पहिल्यांदा तेच मनात येतं बघ. सवय. आता बेल वाजली की काय यावं मनात?"

हिला तिथे रडू आलं असतं तर बरं झालं असतं. त्याऐवजी तिला स्वतःचीच कीव यायला लागली आणि त्या कीवेचा रागही यायला लागला. इतकी वर्षं ही म्हातारी हिच्या नवऱ्यावर विश्वास ठेवून बसली होती, हिच्यापेक्षाही घट्ट, सगळं माहीत असून. हिचा विश्वास काय, न कळण्यातून आलेला. बाईंनी विचारलं, "तू कोण त्याची?" साधा प्रश्न. शेजारणीने विचारला असता, दुकानदाराने विचारला असता, तर तोंडातून शब्द आपोआप गेला असता. ती तोंड उघडून तशीच बसली. "मी त्याच्याच घरी असते," ती शेवटी म्हणाली. बाईंनी तिच्याकडे जरा निरखून पाहिलं, मग बशी तिच्याकडे सरकवली. "घेऊन जा हवी तर. माझ्या बोटात आता कुठली शिरतेय?" हिने दोन्ही हात मागे घेतले. नको, नको बाई. जिना उतरताना कठड्याला धरलेल्या तिच्या बोटावर तो पांढरा पट्टा दिसत होता, उन्हापासून एवढी वर्षं लपून राहिलेला, बाळाच्या कातडीसारखा मऊ. खाली रस्त्यावर माणसं होती, भाजीची गाडी होती, एक कुत्रं सावलीत पाय ताणून पडलं होतं. ती त्या सगळ्यातून चालत गेली आणि शास्त्र त्या वर्षांना कितीही वजन देवो, तिला पहिल्यांदा नीट समजलं, की आपलं लग्न झालेलं नाही. काडीमोडाचीसुद्धा गरज नाही. इथून उजवीकडे वळलं काय आणि डावीकडे वळलं काय. ती कोपऱ्यावर थांबली, खरंच थांबली, आणि डावीकडे काय आहे ते बघितलं. डावीकडे चपलांचं दुकान होतं आणि त्यापुढे बस स्टॉप. ती उजवीकडे वळली.

घरी आल्यावर तिने नवऱ्याला सांगितलं, की बाईंनी आशा सोडली नव्हती. त्याने उगाच नळ घट्ट पिळला. मग म्हणाला, "मी दुकानातून आणणार होतो गं. बघूनही ठेवली होती एक. पण ती अगदीच किरकोळ होती. ही हातात आली आणि वाटलं, तुझ्या बोटात अशी पाहिजे." हे त्याने चोरीच्या दिवशी सांगितलं असतं, लग्नाच्या रात्री सांगितलं असतं, तर तिने त्याला बडवलं असतं आणि मग कुशीत घेतलं असतं आणि सकाळी दोघं मिळून त्या बाईंचा जिना चढले असते. आता ते वाक्य उशिरा आलेल्या पाहुण्यासारखं दारात उभं होतं आणि घरात पानं केव्हाच उचललेली. "आणि लेकीसाठी?" ती म्हणाली, "लेकीसाठी नको वाटली ती का?" तो खरोखर विचारात पडला. "तिला नवीन आयुष्य आहे," तो म्हणाला. "तुझं काय, तू आहेसच." तो हे प्रेमाने म्हणाला, यात शंका नाही. म्हणून तर ते इतकं लागलं.

पुढचे दिवस लग्नाच्या गडबडीत गेले. जावयाने कुठूनशी स्वतःची अंगठी पैदा केली, लेक म्हणाली, "आई, तुझी ठेव तुझ्यापाशी, तुला शोभते," आणि हिने हात पदराखाली घेतला. बाईंचं उत्तर कळल्यावर रब्बीने निरोप धाडला होता, की मुलीच्या लग्नाआधी तुमचं ते उरकून घेऊ, म्हणजे छताखाली मोकळ्या मनाने उभे राहाल. नवऱ्याने नवी अंगठी आणली, डबी टेबलावर ठेवली आणि विचारलं, "कधी जायचं?" ती वाट बघत राहिली. तिला फार काही नको होतं. त्याने एकदा विचारावं एवढंच, येतेस का, होशील का, पाहिजे का मी तुला. कसंही वेडंवाकडं, चहा पिता पिता, पाठमोऱ्यानेसुद्धा. तो विचारील असं तिला सकाळी वाटलं, तो दाढी करत होता तेव्हा. चपला घालताना वाटलं. रस्त्यात तो नव्या घरांतल्या प्लास्टिकच्या नळांबद्दल बोलत होता, की ते कसे उन्हाने तडकतात. प्रार्थनालयाच्या पायऱ्यांशी तो थांबला आणि तिच्याकडे वळला, आणि तिचं काळीज एकदम वर आलं. "तुझा परकर दिसतोय खालून," तो म्हणाला. तिने परकर वर खोचला. तेवढ्यात, त्या खोचण्याच्या वेळात, काहीतरी संपलं. मोठा आवाज नाही, दुखलं नाही, उलट बरंच हलकं वाटलं. आता काही विचारलं नाही तरी चालणार होतं.

मागच्या खोलीत साक्षीदार म्हणून प्रार्थनालयाचा देखभालवाला आणि शेजारचा कुलूपवाला उभे होते. जुनी अंगठी हरवली म्हणून हा सोपस्कार, एवढंच त्यांना सांगितलं होतं. कुलूपवाला घाईत होता, दुकान उघडं टाकून आला होता. रब्बीने अंगठी उजेडात धरून पाहिली, मालकीचं विचारायचं ते विचारलं, नवऱ्याने मान डोलावली. मग नवऱ्याने लग्न लावायची ती ठरलेली ओळ म्हटली, म्हणायला जरा अडखळला, आणि तिच्या उजव्या हाताच्या तर्जनीकडे अंगठी आणली. सकाळपासून तिच्या घशात एक शब्द तयार होता, छोटा, दोन अक्षरांचा. तो बोलायला कुणाचीच हरकत नव्हती. ती मोकळी बाई होती, एवढी मोकळी ती लग्नाआधीही कधी नव्हती. देखभालवाला हळूच म्हणाला, "यांनी पण काही म्हणायचं असतं ना?" "नाही, नाही," रब्बी म्हणाला, आणि पुन्हा त्याचे डोळे लकाकले, "बाईने काही बोलावं लागत नाही. तिने अंगठी घेतली आणि गप्प राहिली, की तोच होकार. कुणी गप्प का राहिलं, ते आपण विचारत नाही." अंगठी सैल होती, सहज आत गेली. ती गप्प राहिली. कुलूपवाला म्हणाला, "अभिनंदन, वहिनी," आणि निघाला.